स्वस्त ई-पेपर रीडरवर मुक्त फर्मवेअर: 'वीट होते' म्हणणाऱ्यांना उत्तर

पानउलट (धागाकर्ता)

सध्या फर्मवेअरबद्दल (यंत्राच्या आतला मूळ प्रोग्राम) एक पोस्ट फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "४०० केबी मेमरीच्या खेळण्यात लोकांनी फुकट लिहिलेलं फर्मवेअर घातलं की यंत्राची वीट होते, वॉरंटी जाते आणि हाती येतं तेच काळं-पांढरं पान. वाचायचंय त्यांनी कंपनीनं दिलंय तेच वापरावं." 'वीट' म्हणजे यंत्र कायमचं निकामी होणं. यातला वॉरंटीचा मुद्दा सोडला तर एकही गोष्ट तपासून लिहिलेली नाही, म्हणून जरा लांबलचक उत्तर.

एक्सटेइंक एक्स४ हा छोटा ई-पेपर रीडर आणि त्यावर चालणारं क्रॉसपॉइंट हे मुक्त फर्मवेअर, हेच उदाहरण घेऊ. आत ईएसपी३२-सी३ ही चिप आहे: एकच रिस्क-व्ही कोअर, १६० मेगाहर्ट्झ, १६ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवण्याची मेमरी), जास्तीची रॅम (पीएसरॅम) नाही. या चिपचा पहिला बूटलोडर (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) चिपच्या रॉममध्ये आहे, फ्लॅशमध्ये नाही. फ्लॅशमध्ये काहीही कचरा लिहिला गेला तरी तो शाबूत राहतो आणि यूएसबीवरून पुन्हा लिहिता येतं. खरी वीट करायची तर ई-फ्यूज (चिपमधले एकदाच लिहिता येणारे बिट) जाळून डाउनलोड मोड कायमचा बंद करावा लागेल. हे फर्मवेअर असलं काही करत नाही.

घालण्याआधी एवढं करा. डेटा जाणारी केबल घ्या. नुसती चार्जिंगची केबल असेल तर पोर्ट दिसतच नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. यंत्र जागं ठेवा, कारण डीप स्लीपमध्ये यूएसबी पोर्ट गायब होतो. मग ईएसपीटूल या संगणकावरच्या प्रोग्रामने शून्य पत्त्यापासून पूर्ण १६ एमबी वाचून घ्या. फाइल बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची हवी. दोनदा वाचा आणि दोन्हींचा शा-२५६ (फाइलचा ठसा) जुळतो का बघा; नाही जुळला तर केबल किंवा हब बदला. ही फाइल कुणाला पाठवू नका, तुमच्या वायफायचा पासवर्ड तिच्यात असू शकतो. ब्राउझरमधून लिहिणार असाल तर क्रोम किंवा एज घ्या.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. फ्लॅशमध्ये ॲपचे दोन कप्पे असतात. नवं फर्मवेअर एका कप्प्यात जातं, मूळचं दुसऱ्यात तसंच राहतं, आणि नुसता बूटचा कप्पा बदलून परत जाता येतं. पण पुढे वायफायवरून अपडेट घेतलंत की ते रिकाम्या समजलेल्या कप्प्यात, म्हणजे मूळ फर्मवेअरवरच लिहिलं जातं. म्हणून ती १६ एमबीची फाइल हवीच.

मिळतं काय, तर ई-पब वाचण्याची रीत तुमच्या हातात येते: समास, ओळींमधलं अंतर, बटणांची अदलाबदल, किती पानांनी पूर्ण रिफ्रेश. 'तेच पान' नाही.

शाईगळ

वीट होत नाही, मान्य. पण तुम्ही चिपबद्दल बोलताय, नाजूक भाग पॅनेल आहे. त्याबद्दल एक ओळ नाही.

पॅनेलच्या कंट्रोलरमध्ये कारखान्यातून आलेले वेव्हफॉर्म (पिक्सेल बदलायला कधी किती व्होल्टेज द्यायचा याचे तक्ते) असतात आणि ते तापमान बघून निवडले जातात. मुक्त फर्मवेअरवाले अक्षरांच्या कडा मऊ दिसाव्यात म्हणून स्वतःचा वेव्हफॉर्म तक्ता चढवतात. तिथे तापमानाची भरपाई कुणी केलेली नसते, म्हणून थंडीत करडा रंग फिका पडतो आणि मागच्या पानाची भुतं (पुसट खुणा) उरतात. दुसरं, प्रत्येक पिक्सेलला जाणारा धन आणि ऋण व्होल्टेज दीर्घकाळात समतोल राहिला पाहिजे. फक्त अर्धवट रिफ्रेश मारत राहिलं तर तो समतोल ढळतो आणि पुढे भुतं कायमची बसतात. तिसरं, पान काढून झाल्यावर कंट्रोलर झोपवला नाही तर बूस्टर (व्होल्टेज वाढवणारा भाग) चालू राहतो: बॅटरीही खातो, पॅनेलवर व्होल्टेजही राहतो.

'किती पानांनी पूर्ण रिफ्रेश ते तुमच्या हातात' हे तुम्ही फायदा म्हणून सांगताय. लोक तिथे सगळ्यात मोठा आकडा निवडतात, कारण लखलखाट नको असतो.

पानउलट

मुद्दा बरोबर, निष्कर्ष चुकीचा. तक्ता उघडा आहे म्हणून तर तुम्हाला त्यात खोट काढता येते. बंद फर्मवेअरमध्ये समतोल पाळलाय की नाही हे तुम्ही कुठे वाचणार? ज्याला धोका नको त्याने अक्षर गुळगुळीत करण्याचा पर्याय बंद करावा, शुद्ध १ बिट ठेवावं आणि पूर्ण रिफ्रेश १० ते १५ पानांवर ठेवावा.

जोडाक्षर

तुम्ही दोघं वेव्हफॉर्मवर भांडा. आधी मला हे सांगा, यावर मराठी पुस्तक वाचता येतं का?

या छोट्या फर्मवेअरांत फाँट म्हणजे बहुतेक वेळा कोडपॉइंट (अक्षराचा युनिकोड क्रमांक) ते बिटमॅप (ठिपक्यांचं चित्र) असा साधा तक्ता. इंग्रजीला चालतो. देवनागरीला त्याचा उपयोग शून्य. 'स्थिती'तलं 'स्थि' साठवलेलं असतं स, हलन्त, थ, वेलांटी या क्रमाने. पडद्यावर ती वेलांटी पूर्ण 'स्थ'च्या आधी यायला हवी. साधा तक्ता ती थ नंतर काढणार आणि हलन्त उघडा दाखवणार. नुसता देवनागरी फाँट बदलून बिटमॅप करून घाला म्हणणारे दर धाग्यात येतात. फाँट घालून ग्लिफ (अक्षरांचे आकार) मिळतात, जुळणी (ते योग्य क्रमाने जोडणं) मिळत नाही.

पानउलट

त्यावर उपाय आहे. संगणकावरच पानं रंगवून घ्या. ४८० गुणिले ८०० पिक्सेल, १ बिट, म्हणजे पानाला ४८,००० बाइट. ३०० पानांचं पुस्तक १४.४ एमबी, करड्या छटांसह दुप्पट. मेमरी कार्डावर जागाच जागा आहे. जोडाक्षरं संगणकाच्या इंजिनने जुळवलेली, म्हणून अचूक.

जोडाक्षर

हा उपाय नाही, ही बोळवण आहे. अक्षर मोठं करायचं तर पुस्तक पुन्हा रंगवा. शोध नाही, शब्दकोश नाही, तळटीपेवर उडी नाही. वर तुम्हीच सांगितलंत की फायदा म्हणजे समास आणि ओळींमधलं अंतर हातात येणं. मराठी वाचणाऱ्याला त्यातलं काय मिळालं? मग त्या पोस्टीतलं 'तेच पान' हे वाक्य आमच्यापुरतं खरंच आहे.

शाईगळ

हेच म्हणतोय मी. चारशे केबीत देवनागरी होणार नाही. ज्याला मराठी वाचायचंय त्याने लिनक्सवर चालणारा रीडर घ्यावा आणि त्यावर केओरीडर हा मुक्त वाचन-प्रोग्राम टाकावा, त्यात जुळणी करणारं हार्फबझ आहेच.

बिटमोजणी

'चारशे केबीत होणार नाही' हे कोणत्या हिशेबावर? आकडे मांडू.

फ्रेमबफर (पडद्यावरच्या पानाची रॅममधली प्रत) ४८ केबी. ई-पब म्हणजे झिप, ते उलगडायला झिपच्या डिफ्लेट पद्धतीची ३२ केबीची खिडकी (तात्पुरती जागा). प्रकरण थेट रॅममध्ये उलगडायचं नाही, कार्डावर लिहायचं, खिडकी मोकळी करायची, मग एक्सएचटीएमएल तुकड्यातुकड्याने वाचायचं. वाचताना वायफाय बंद, ते बरीच मेमरी खातं.

आता हार्फबझ. फाँट रॅममध्ये आणायची गरजच नाही. फ्लॅशमधला स्थिर डेटा पत्त्यावर थेट वाचता येतो. हार्फबझला तोच पत्ता फक्त-वाचनीय ब्लॉब म्हणून द्या, प्रत होत नाही. बफरला प्रत्येक ग्लिफमागे ४० बाइट: २० माहितीचे, २० स्थानाचे. १०० ग्लिफची ओळ धरली तर ४ केबी. ओळ कशाला, शब्द शब्द जुळवा आणि रुंदी लक्षात ठेवा. हार्फबझ एचबी टायनी या छोट्या पर्यायाने बांधलं की कोडही आक्रसतो. सी३ मध्ये फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअर नाही, म्हणून ग्लिफ रंगवायला फ्रीटाइप ही लायब्ररी घ्या, ती पूर्णांकात चालते.

कोसळतं ते दोन ठिकाणी. एक, स्टॅक (चालू कामाची तात्पुरती मेमरी): आर्डुइनोच्या मुख्य टास्कला ८ केबी असतो, जुळणीसाठी वेगळा टास्क काढून १६ केबीपासून सुरुवात करा. दोन, हीपचे (मागणीनुसार वाटल्या जाणाऱ्या मेमरीचे) तुकडे. एकूण मोकळी मेमरी बघून फसू नका, सर्वांत मोठा सलग तुकडा किती ते छापा. १२० केबी मोकळी असून ३२ केबीची मागणी फसते ती यामुळेच. फ्रेमबफर आणि डिफ्लेटची खिडकी सुरुवातीलाच राखून ठेवा.

वेळ लागेल तो प्रकरण पहिल्यांदा उघडताना. क्रॉसपॉइंट तशीही मांडणी कार्डावर साठवतं. त्या साठ्यात अक्षरांऐवजी ग्लिफ क्रमांक ठेवा, पान उलटताना जुळणीचा प्रश्नच येत नाही.

परवानेवाला

एवढं काम कुणासाठी करायचं ते आधी ठरवा. असल्या फर्मवेअरांना सर्रास एमआयटी परवाना (कोड बंद उत्पादनातही वापरू देणारा) लावतात. उद्या एखादा उत्पादक तुमची देवनागरी उचलून बंद फर्मवेअरमध्ये घालेल आणि पुढच्या खेपेत ई-फ्यूज जाळून तुम्हालाच बाहेर ठेवेल. २००३ मध्ये लिंक्सिसला डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा सोर्स द्यावा लागला तो जीपीएल या सोर्स खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्यामुळे, आणि ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त राउटर फर्मवेअर त्यातूनच २००४ मध्ये उभं राहिलं. केओरीडर एजीपीएल या जीपीएलच्याच कडक भावंडाखाली आहे ते उगाच नाही.

बिटमोजणी

परवान्याने ई-फ्यूज थांबत नाहीत. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीतही कुलूपबंद यंत्र विकता येतं, ते रोखायला तिसरी आवृत्ती आली. वेगळा धागा काढा, इथे जुळणीचं बोलू द्या.

परवानेवाला

काढणार नाही. हाच मूळ प्रश्न आहे आणि तो तुम्हाला नकोसा वाटतो म्हणून विषयांतर ठरवताय. फर्मवेअर कुणाच्या मालकीचं राहणार हे न ठरवता बाइट मोजून काय साधणार?

जोडाक्षर

परवान्याचं राहू द्या, मला बिटमोजणींना विचारायचंय. हार्फबझ येईल तेव्हा येईल, 'बघू नंतर' हे फार वेळा ऐकून झालंय. तोपर्यंत मधला मार्ग का घेत नाही? संगणकावरचा छोटा प्रोग्राम पुस्तकातली सगळी वेगवेगळी अक्षरं, जोडाक्षरं धरून, गोळा करतो, प्रत्येकाला युनिकोडच्या खासगी पट्ट्यातला एक कोडपॉइंट देतो आणि तेवढ्यांचाच बिटमॅप फाँट बनवतो. त्या पट्ट्यात ६,४०० जागा आहेत. २,००० अक्षरं, ३२ गुणिले ४० पिक्सेल, २ बिट: अक्षरामागे ३२० बाइट, एकूण ६,४०,००० बाइट. चार आकार ठेवले तरी साधारण अडीच एमबी. अक्षराचा आकार बदलता येतो, फर्मवेअरला हात लावावा लागत नाही.

बिटमोजणी

चालेल, पण ते ई-पब दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर वाचता येणार नाही. मूळ फाइल वेगळी ठेवा. आणि फाँट कार्डावरून येणार असेल तर पान रंगवताना दर अक्षराला कार्ड वाचणं परवडणार नाही. नेहमीच्या शंभर-दोनशे अक्षरांचा साठा रॅममध्ये लागेल. २०० गुणिले ३२० म्हणजे ६४ केबी. तो सलग नको, चार-चार केबीच्या तुकड्यांत ठेवा.

शाईगळ

मेमरीचा हिशेब पटला, असं म्हणतो. 'होणार नाही' हे माझे शब्द मागे. पण होऊ शकतं आणि झालंय यात फरक आहे, आणि धाग्याच्या पहिल्या प्रतिसादात हा फरक लपवला गेला. मराठी वाचक ते वाचून यंत्र फ्लॅश करेल आणि उघडे हलन्त बघत बसेल.

पानउलट

लपवलं नाही, लिहिलं नव्हतं. पहिल्या प्रतिसादात ओळ घालतो: मराठी पुस्तकांसाठी फ्लॅश करण्याआधी आपल्या आवृत्तीत जुळणी आहे का ते तपासा. तपासायला एक वाक्य द्या कुणीतरी.

जोडाक्षर

वाक्य नको, साध्या फाइलमध्ये हे शब्द टाका: स्थिती, शक्ती, वाङ्मय, कर्त्याची, ॲप, कॅमेरा, दर्या, दऱ्या.

शेवटचे दोन मुद्दाम दिलेत. 'दऱ्या' दोन प्रकारे टंकलेलं सापडतं: एक ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरं साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारं, अक्षरं जोडणारं चिन्ह) घालून. जुन्या मजकुरात दुसरा प्रकार खूप आहे. अनेक फर्मवेअर तो जोडक 'न दिसणारं चिन्ह' म्हणून वाचतानाच गाळून टाकतात. मग दऱ्याखोऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांचे आचार्य होतात, आणि पडद्यावर काही बिघडलेलं दिसतही नाही. म्हणून दोन्ही प्रकार टंकून बघा.

बिटमोजणी

त्यात भर. ऱ चं विघटित रूप र आणि खाली नुक्ता असं असतं. काही संगणकांवर फाइलची नावं त्या रूपात साठवली जातात, म्हणून पुस्तक नीट उघडतं पण यादीतलं नाव मोडकं दिसतं. नाव वाचल्यावर आधी एनएफसी करा (विघटित अक्षर पुन्हा एकत्र करा), मग जुळणीला द्या. आणि जोडक गाळणारी ती अट बहुधा सॉफ्ट हायफन (फक्त ओळ मोडताना दिसणारी जोडरेघ) गाळण्याच्या ओळीतच असते. दोन्ही वेगळे करा, सॉफ्ट हायफन गाळा, जोडक राहू द्या.

शाईगळ

हे झाल्यावर वेव्हफॉर्म तक्त्याकडे याल ना? तो मुद्दा तसाच पडून आहे. ० ते ५० अंश ही बहुतेक पॅनेलांची सांगितलेली मर्यादा आहे, आणि तक्ता एकच.

पानउलट

येऊ. कंट्रोलरमध्ये तापमान मोजणारा भाग आहेच, तो वाचून ठरावीक अंशाखाली करड्या छटा आपोआप बंद करता येतील. कोणत्या अंशाखाली ते तुम्ही सांगा, फिका पडतो म्हणणारे तुम्हीच आहात.

शाईगळ

१० अंशांपासून सुरुवात करा आणि ५, १०, १५ ला तीच तपासणीची फाइल उघडून फोटो लावा. आकडा त्यावरून ठरवू.