खाज थांबत नाही आणि तपासणीत काही सापडत नाही : कुत्रा व मांजर दोघेही घरात असताना उपचार कसे ठरवावेत?

रानजाई

नमस्कार. आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. घरात अडीच वर्षांचा देशी कुत्रा शेरू आणि मनी नावाची मांजर आहे, शिवाय घरामागे गोठा आहे. पावसाळा सरता सरता शेरूला खाज सुरू झाली. आधी कानांच्या कडा, मग पुढच्या पायांची कोपरे आणि आता पोटाखालचा भाग असे करत ती पसरली असून त्या जागांचे केस विरळ झाले आहेत आणि कानाच्या कडेवर राखाडी, जाडसर खपल्या धरल्या आहेत. रात्री तो इतका खाजवतो की घरात कोणालाच झोप लागत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांनी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. किडे दिसत नाहीत, ॲलर्जी असावी, असे सांगून त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत थोडे बरे वाटले, पण त्या संपताच खाज दुपटीने वाढली. याशिवाय कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी सापडतात. त्या गोठ्यातूनच येत असाव्यात असा आमचा समज आहे. सासूबाईंच्या हातांवर आणि कमरेवर बारीक लाल पुरळ उठले आहे, त्याचा याच्याशी संबंध आहे का, हेही कळत नाही.

कृषी सेवा केंद्रात जनावरांच्या गोचिडांवरचे औषध पाण्यात मिसळून शेरूला अंघोळ घालण्याचा सल्ला मिळाला आणि शेजारीही तेच वापरतात. परंतु मनी रोज शेरूच्या कुशीत झोपते, म्हणून हात धजावत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

श्वानवैद्य

तुमचा हात धजावला नाही हे फार बरे झाले. त्या औषधाकडे नंतर वळू, कारण आधी आजार कोणता हे ठरले पाहिजे, आणि तुमच्या वर्णनात त्याच्या खुणा पुरेशा आहेत.

बाह्य परजीवींचे निदान करताना आम्ही सर्वांत आधी खाज कुठे आहे ते पाहतो. पिसवांची ॲलर्जी असलेला कुत्रा बहुधा कमरेचा मागचा भाग, शेपटीचे बूड आणि मांड्यांची आतली बाजू चावत बसतो. डेमोडेक्स या किड्यामुळे डोळ्यांभोवती, तोंडाजवळ आणि पुढच्या पायांवर केसांचे गोल चट्टे जातात. तिथे जंतुसंसर्ग होईपर्यंत खाज बरेचदा बेताचीच असते. कानांच्या कडा, कोपरे, मागच्या पायांचे घोटे आणि पोटाची खालची बाजू एवढ्याच जागा धरून जीव हैराण करणारी खाज असेल, तर संशय सारकोप्टिस या किड्याच्या खरजेवर जातो. घरातल्या माणसालाही पुरळ उठले असेल तर तो संशय आणखी बळावतो.

नमुन्यात किडा दिसला नाही म्हणून ही खरूज नाही, असे म्हणता येत नाही. या किड्याची मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदे करून राहते आणि अंगावर किडे फार थोडे असले तरी शरीराची प्रतिक्रिया मोठी असते, त्यामुळे खात्रीने खरूज असलेल्या कुत्र्यांमध्येही खरवडलेल्या नमुन्यात किडा सापडण्याचे प्रमाण अनेकदा निम्म्याहून कमी असते. याउलट डेमोडेक्स केसांच्या मुळाशी राहत असल्याने त्वचा चिमटीत दाबून, किंचित रक्त पाझरेपर्यंत खोल खरवडल्यास तो सहसा सापडतोच; तिथे नकारार्थी अहवालाला बरेच वजन असते. म्हणून ‘स्क्रेपिंग केले, काही नाही’ एवढ्या वाक्यावर न थांबता कोणत्या जागेचे, किती जागांचे आणि किती खोल केले, हे विचारावे. सारकोप्टिससाठी कानाच्या कडेचा आणि कोपराचा, न खाजवलेला, खपली धरलेला भाग निवडून एकाहून अधिक नमुने घ्यावे लागतात.

घरी एक साधी चाचणी करून पाहा. शेरूच्या कानाचे टोक दुमडून कानाच्या कडेवर कड हलकेच घासा. त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप खाजवण्याच्या हालचाली करू लागला, तर खरजेची शक्यता बरीच वाढते. हा पक्का पुरावा नव्हे, तरी डॉक्टरांना जरूर सांगावा असा आहे.

मिळालेल्या गोळ्या बहुधा स्टेरॉइडच्या असाव्यात. त्यांनी खाज काही काळ दबते, किडा मात्र मरत नाही आणि थांबवल्यावर आजार उसळून वर येतो. तुम्ही लिहिलेला क्रम याच्याशी जुळतो. संशय इतका ठाम असताना किडा सापडण्याची वाट न पाहता खरजेवरचे औषध देऊन परिणाम पाहणे ही मान्य पद्धत आहे. सध्या त्यासाठी फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर किंवा सॅरोलॅनर या गटातील गोळी वजनानुसार दिली जाते. ती गोचिडी आणि पिसवांवरही चालते. पहिल्याचा परिणाम साधारण 12 आठवडे टिकतो, उरलेल्या दोन्ही महिन्याला द्याव्या लागतात. ज्यांच्याशी शेरूचा सहवास आहे, त्या गल्लीतल्या कुत्र्यांवरही शक्य तेवढे उपचार व्हावेत, नाहीतर खरूज फिरून परत येते.

सासूबाईंच्या पुरळाचा संबंध असू शकतो. कुत्र्याचा हा किडा माणसाच्या त्वचेत शिरतो, पण तिथे आपले जीवनचक्र पूर्ण करू शकत नाही. त्यामुळे कुत्रा बरा झाला की पुरळ बहुधा आपोआप जाते. तरीही त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवताना घरात खाजणारा कुत्रा आहे हे आवर्जून सांगावे.

गोठ्याकडचा

गोचिडींसाठी गाईंना दोष देणे बहुतेक वेळा चुकीचे ठरते. जनावरांवर प्रामुख्याने दिसणारी गोचीड तिचे बाळपण ते म्हातारपण एकाच जनावराच्या अंगावर काढते. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड वेगळी. ती अळी, कुमार आणि प्रौढ अशा प्रत्येक अवस्थेत रक्त पिते आणि मधल्या काळात खाली उतरून कात टाकते. तिला गोठा लागत नाही, तुमचे घर पुरते. कुत्रा झोपतो त्या जागेजवळच्या भिंतीच्या भेगा, दाराच्या चौकटीमागची फट, खाटेचे सांधे आणि छताच्या वाशांखालची बाजू बॅटरी घेऊन पाहा, कारण ही गोचीड वर चढते. फुगलेली मादी अशाच एखाद्या फटीत काही हजार अंडी घालून मरते आणि उपाशी गोचीड कित्येक महिने तग धरते.

त्यामुळे आमच्याकडे औषधाइतकाच भर भेगा बुजवण्यावर असतो. सिमेंट किंवा पुट्टीने फटी भरणे, अंथरूण उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकणे आणि कुत्र्याची झोपण्याची जागा भिंतीपासून दूर घेणे एवढ्याने मोठा फरक पडतो. फिनेल ओतून काही साधत नाही, उलट ओल्या फरशीवरून गेलेली मांजर पाय चाटते आणि तेच तिच्या पोटात जाते.

काढतानाही घाई करू नये. बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड त्वचेलगत धरावी, न पिळता सरळ वर ओढावी आणि सर्जिकल स्पिरिटच्या बाटलीत टाकावी. रॉकेल लावणे, उदबत्तीचा चटका देणे किंवा बोटांनी चिरडणे हे तिन्ही प्रकार टाळावेत.

एक अवांतर सांगतो. दोडामार्गच्या पाहुण्यांनी माकडतापाची भीती घातली म्हणून आमच्या गावात दोन कुत्री सोडून देण्यात आली. तो आजार प्रामुख्याने जंगलातल्या वेगळ्याच गोचिडीमुळे पसरतो. अंगणातल्या कुत्र्यावरची तपकिरी गोचीड त्याची मुख्य वाहक नाही.

मांजरवेडी_नाशिक

मनीबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही म्हणून लिहिते. कृषी सेवा केंद्रात जनावरांसाठी मिळणाऱ्या अशा औषधांत बरेचदा डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ असते. कुत्र्यांच्या काही थेंबांत आणि पावडरींत परमेथ्रिन असते. हे घटक कुत्र्याचे शरीर मोडून बाहेर टाकू शकते. मांजराच्या यकृताची ती क्षमता अगदी तोकडी आहे. आमच्या शेजारच्या बोक्याला कुत्र्यासाठी असलेल्या थेंबांचा ‘छोटा डोस’ दिला गेला तेव्हा काही तासांतच त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, कान आणि मिशा फडफडू लागल्या आणि मग सर्वांगाला कंप सुटला. वेळेत दवाखान्यात नेल्याने तो वाचला. असे घडल्यास मांजर शुद्धीवर असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने अंग धुऊन काढावे, ते चाटू नये म्हणून टॉवेलात गुंडाळावे, औषधाचे वेष्टन सोबत घ्यावे आणि थेट दवाखाना गाठावा. शेरूला असे थेंब टाकले असतील आणि मनी त्याला बिलगत असेल, तर तिला थेट न देताही विषबाधा होऊ शकते.

मनीची तपासणी वेगळी करावी लागेल. मांजरे लपून चाटतात, त्यामुळे खाज दिसत नाही. पोटावरचे आणि मांड्यांवरचे केस आखूड होतात आणि घरच्यांना ते केस गळणे वाटते. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या बुडाजवळ विंचरून जे काळे कण पडतील ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. कणांभोवती लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेले रक्त. पिसू एकही दिसली नाही तरी ही खूण पुरेशी आहे. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल तर तो कानातल्या किड्यांचा असू शकतो, पण बुरशी आणि जंतूंमुळेही तसा मळ होतो. म्हणून तो तपासून घेतल्याशिवाय थेंब टाकू नयेत, कारण कानाचा पडदा फाटलेला असल्यास काही औषधे ऐकण्याची शक्ती घालवतात. मांजरासाठी सेलामेक्टिनचे थेंब अनेक डॉक्टर देतात. कानातले किडे आणि पिसवा या दोहोंवर ते चालतात.

साधक_बाधक

या नव्या गोळ्यांनी कुत्र्यांना झटके येतात, असे वाचले आहे. त्यापेक्षा कडुनिंबाचा पाला, करंजेल तेल आणि हळद यांनी काम भागणार नाही का? शिवाय आमच्याकडे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन स्वस्तात मिळते, ते का नको?

श्वानवैद्य

झटक्यांची माहिती खरी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 साली या संपूर्ण गटाबद्दल इशारा दिला होता की काही कुत्र्यामांजरांत थरथर, तोल जाणे आणि झटके दिसले आहेत. गट बाजारातून काढला गेला नाही, कारण बहुसंख्य प्राण्यांना तो मानवतो. पण ज्या कुत्र्याला पूर्वी कधी झटका आला आहे त्याच्या बाबतीत दुसरा पर्याय शोधावा, आणि हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तरी मालकाने स्वतः सांगावा.

कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ घातल्यास त्वचेला थोडा आराम पडतो, पण त्वचेच्या आत बोगद्यात बसलेला किडा त्याने मरत नाही. तेले मांजराच्या अंगाला लावूच नयेत, कारण ती जे अंगावर असेल ते चाटते. आयव्हरमेक्टिन खरजेवर प्रभावी आहे. मात्र कोली आणि त्याच्याशी रक्ताचे नाते असलेल्या जातींत एका जनुकीय दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि कुत्रा कोमात जाऊ शकतो. संकर कशाचा आहे हे ठाऊक नसलेल्या कुत्र्यालाही ते अंदाजाने टोचू नये, आणि गाईच्या मात्रेची बाटली घरी आणून तर मुळीच नाही.

रानजाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कानाची चाचणी केली, पाय लगेच हलू लागला. डॉक्टरांशी पुन्हा बोलले. त्यांनी शेरूला झटक्यांचा इतिहास नसल्याची खात्री करून फ्लुरालॅनर दिले आणि मनीला सेलामेक्टिनचे थेंब. परंतु गोळीनंतरही अंगावर गोचिडी चिकटलेल्या दिसतात. औषध लागू पडले नाही असे समजावे का? आणि शेरू दोन दिवसांपासून जेवणावर नाराज आहे.

श्वानवैद्य

पहिल्या प्रश्नाची काळजी नको. पोटातून दिलेले हे औषध रक्तातून काम करते, म्हणजे गोचिडीने चावल्याशिवाय ती मरत नाही. नवी गोचीड चिकटलेली दिसेल, पण ती फुगून मोठी होणार नाही. खरजेची खाज दोनेक आठवड्यांत उतरायला लागते आणि केस भरायला महिना-दीड महिना जातो. एवढ्या काळात काहीच फरक नसेल तर निदानाचा फेरविचार करावा.

दुसऱ्या गोष्टीला मात्र उद्यावर टाकू नका. या गोळीने एखाद्या कुत्र्याची भूक एक-दोन दिवस मंदावते हे खरे, पण गोचिडी असलेला कुत्रा जेवण सोडतो तेव्हा गोचीडताप आधी वगळावा लागतो. शेरूचा ताप मोजा, हिरड्या पांढुरक्या पडल्या आहेत का, पोटावर लाल-जांभळे ठिपके आहेत का, नाकातून रक्त येते का, लघवी गडद झाली आहे का ते पाहा, आणि आजच रक्ततपासणी करून प्लेटलेट किती आहेत ते समजून घ्या. एर्लिशिया (गोचिडीतून रक्तात येणारा जंतू) निघाल्यास डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण 28 दिवस पूर्ण द्यावे लागते. कुत्रा आठवड्यात खेळू लागला म्हणून मालक ते मध्येच बंद करतात आणि आजार आत मुरतो. बबेसिया (गोचिडीतूनच येणारा, रक्तपेशींतला परजीवी) निघाल्यास औषध वेगळे आहे, म्हणून आधीच घरातले डॉक्सिसायक्लिन सुरू करू नका. रक्ताच्या काचपट्टीवर काही दिसले नाही, तरी लक्षणे जुळत असल्यास रॅपिड किट किंवा पीसीआर करून घेण्याचा आग्रह धरा.