सातवीच्या वर्गात शिक्षेऐवजी बैठक: कुणाला बसवायचं, काय विचारायचं?

वर्गशिक्षक_सातवीब: पट ५८. मधल्या सुट्टीत एकाने दुसऱ्याची विज्ञानाची वही फाडली. उठाबशा, अंगठे धरणं बंदच आहे, पण "सॉरी म्हण" म्हणून मिटवलं की आठवड्यात पुन्हा तेच. शिक्षेऐवजी सगळ्या वर्गाला गोल बसवून त्यावर बोलायचं का?

समुपदेशक_नाशिक: नको सर. एकेक मिनिट धरलं तरी तास जातो आणि ज्याची वही फाटली त्याचाच तमाशा होतो. सहा-सात जण पुरेत: ते दोघं, दोघांच्या पसंतीचा एकेक मित्र, पाहणारा एखादा, तुम्ही. त्याच दिवशी नको, डोकी तापलेली असतात. आधी दोघांना वेगवेगळं दहा-दहा मिनिटं भेटा. फाडणारा कबूलच करत नसेल तर बैठक घेऊ नका, बैठकीची चौकशी होऊन बसते.

"का केलंस?" विचारलं की मुलं सबब शोधतात. त्याऐवजी: काय झालं? तेव्हा मनात काय होतं? कुणाकुणाला त्रास झाला? आता नीट कसं करायचं? शेवटचा प्रश्न आधी वहीवाल्याला. डस्टर ज्याच्या हातात, तोच बोलणार. तुमच्या हातात नसेल तर तुम्हीही गप्प (शिक्षकांना हेच जड जातं).

मुख्याध्यापिका_निवृत्त: घोळ भरपाईत होतो. "शंभर वेळा लिही" ही शिक्षाच झाली. पालकांनी नवी वही आणून दिली की मुलगा सुटला. फाटलेली पानं त्याने स्वतः उतरवून द्यावीत. काय, कोणी, कधीपर्यंत, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि आठ दिवसांनी पाच मिनिटं पुन्हा बसा. ही पाच मिनिटं गाळली जातात, म्हणून "पुन्हा तेच" होतं.

बालहक्क_कार्यकर्ता: आरटीई (शिक्षणहक्क कायदा) कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, बैठकीत सगळ्यांदेखत रडवणं त्यातच मोडू शकतं. कायमची दादागिरी किंवा जातीवरून चिडवणं असेल तर समोरासमोर बसवू नका, दुबळ्यावर दबाव येतो. लैंगिक प्रकार असेल तर बैठक मुळीच नाही. पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम १९ खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

वर्गशिक्षक_सातवीब: वहीवाल्याला वर्गात मित्रच नाही. मग?

समुपदेशक_नाशिक: ज्या बाईंशी तो मोकळं बोलतो, त्यांना बसवा. आणि मित्र का नाही, तेही बघा सर. कदाचित वही त्यामुळेच फाटली असेल.