साठीनंतरचं कोकण : शरीर आणि मन कसं सांभाळता? अनुभव लिहा

आमच्या गुहागरकडच्या वाडीत आता बऱ्याच घरांत दोनच माणसं राहतात, आणि दोघंही साठीच्या पुढची. मुलं मुंबई-पुण्याला. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर घर, आगर, पंप, लाइट, औषधं सगळं या दोघांनीच बघायचं. त्यातलं एक माणूस आजारी पडलं की दुसऱ्यालाही मुंबईला हलवतात आणि घराला कुलूप लागतं. आमच्या वाडीत असं होताना मी पाहते आहे, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

सल्ले भरपूर मिळतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला किमान १५० मिनिटं थोडा दम लागेल इतपत हालचाल हवी, आणि पासष्टीपुढच्यांनी त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. बरोबरच आहे. पण चार महिने कोसळणारा पाऊस, जांभ्या दगडाच्या पायऱ्या, दवाखाना लांब आणि गाडी दिवसातून दोनदा, अशा ठिकाणी हे जमवायचं कसं, ते इथे राहणाऱ्यानेच सांगावं. स्वतःचं लिहा, आईवडिलांचं लिहा. मनाबद्दलही लिहा. गुडघेदुखी आपण चारचौघांत सांगतो. रात्र रात्र झोप लागत नाही, उगाच रडू येतं, हे सांगत नाही.

सुरुवात मी करते. आमच्याकडे पावसाची बेगमी म्हणजे लाकडं, पापड, सुकी मासळी. मी त्यात पायऱ्या धरते. पहिले दोन-तीन पाऊस झाले की जांभ्यावर शेवाळ धरायला लागतं, आणि ते हिरवं दिसायच्या आधीच बुळबुळीत होतं. विहिरीकडे जाणाऱ्या पायऱ्या, न्हाणीघरासमोरची फरशी, तुळशीभोवतीचा कट्टा या तीन जागांवर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घ्यायचं. एकदा घासून भागत नाही, ऑगस्टपर्यंत दर पंधरवड्याला लागतं. विहिरीच्या वाटेला यजमानांनी हाताला धरायला लोखंडी पाइप बसवून घेतलाय. रात्री उठायचं असेल तर आधी पाय खाली सोडून थोडं बसायचं, बॅटरी उशाशी ठेवायची, आणि झिजलेली स्लिपर पावसाच्या तोंडावर टाकून द्यायची. आमच्या शेजारच्या काकी अशाच पायरीवर घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं, चालायलाही लागल्या, पण पुन्हा पडू या भीतीने त्यांनी अंगणात येणंच सोडलं. देवळात जाणं बंद, हळदीकुंकू बंद. हाड जुळलं, भीती राहिली. उतारवयातलं पडणं किती खोल जातं ते मी तिथे पाहिलं.

रत्नागिरी, निवृत्त बँक कर्मचारी, वय ७१

मी भाट्याच्या किनाऱ्यावर चालतो. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी सांगतो, कोरड्या मऊ वाळूत चालू नका, पाय रुततो आणि दुखणं वाढतं. ओहोटीने पाणी मागे गेलं की जो ओला, घट्ट पट्टा उघडा पडतो त्यावरून चाला. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एका बाजूने जाताना एका पायावर जास्त भार येतो. जितकं जाल तितकंच परत या, म्हणजे भार वाटला जातो.

ओहोटी कधी, यासाठी मोबाइल बघत नाही. आमच्या वडिलांनी शिकवलेला हिशेब वापरतो. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे लांबवर वाळू मोकळी मिळते, चतुर्थीला नऊच्या सुमारास. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ पाणी वर, म्हणून तेव्हा रस्त्याने चालतो. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण चालणाऱ्याला पुरतं. पाऊणकीचा पाढा अजून येतो, आणि रोज एकदा म्हटला जातो हेही चांगलंच.

पावसाळ्यात किनारा बंद. तेव्हा पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत, रेडिओ लावून. शिवाय खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं आणि बसायचं, दहा-दहा वेळा. फिजिओथेरपिस्टने हा एकच व्यायाम आधी करायला सांगितला, कारण संडासातून उठणं, एसटीची पायरी चढणं, पडल्यावर स्वतः उभं राहणं, सगळी ताकद मांड्यांची लागते. मला फरक पडायला दोन-तीन महिने लागले. मधे सोडून दिलं असतं तर कळलंच नसतं.

वेंगुर्ले, वय ६८

मनाबद्दल लिहा म्हटलंत म्हणून लिहिते. मिस्टर गेल्यावर मी स्वयंपाक करणंच थांबवलं होतं. एकटीसाठी चूल कशाला पेटवायची? सकाळचा चहा आणि बिस्किटं, दुपारी राहिलेली पेज. वजन उतरलं. मुलगी फोन करायची, मी म्हणायची, जेवले.

फेब्रुवारीत सुरंगी फुलायला लागली. आमच्याकडे आसोली भागात सुरंगीची झाडं पुष्कळ. कळ्या उमलायच्या आत पहाटे काढाव्या लागतात, मग लगेच वळेसर, म्हणजे गजरे, करायला बसायचं, कारण ऊन चढलं की फूल हातात राहत नाही. शेजारच्या घरी माणूस कमी पडत होतं. ती वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकी, हात लावतंस काय वायच?" समजूत घालायला आली असती तर मी गेले नसते. काम होतं म्हणून गेले.

चौघीजणी टोपल्याभोवती बसायचो. बोटं आधी चालेनात, दोरा सुटायचा. मग चालायला लागली. वळेसर बाजारात वेळेवर पोचवायचे असतात, त्यामुळे मला पहाटे उठावंच लागायचं. उठले की भूक लागायची, भूक लागली की चूल पेटवावी लागायची. चार पैसे मिळायचे, ते मी माझ्याकडे ठेवले. हंगाम एप्रिलपर्यंत. तो संपल्यावर काय, याची मला धास्ती वाटत होती, पण तोवर आम्ही चौघींनी आगळ आणि कोकमं करायचं ठरवलं होतं. दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. पण आता मी दोन वेळा जेवते, आणि मुलीला जेवले म्हणते ते खरं असतं.

मालवण (आजोबांच्या वतीने नात लिहिते आहे)

आजोबांचं वय ७८. लहानपणापासून रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीत. आता होडीत जात नाहीत, पण रापण लागली की किनाऱ्यावर दोरी ओढायला जातात. दोन बाजूंना दोन रांगा असतात, आजोबा शेवटच्या टोकाला दोरी गोळा करायला. हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, तसा त्यांनाही मिळतो आणि तो ते स्वतः घरी घेऊन येतात. डॉक्टरांनी जड ओढू नका सांगितलंय, ते पाळतात. पण जाणं थांबवा म्हटलं की ऐकत नाहीत. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, "घराक बसान माका बरा वाटणा नाय. थय चार माणसा गावतत, दोन शब्द बोलूक मेळतत."

जून-जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद आणि समुद्र खवळलेला, त्यामुळे रापणही नाही. तेव्हा ते चिडचिडे होतात, झोप कमी होते. यंदा आम्ही फाटकी जाळी घरात आणून दिली. ती दुरुस्त करायला वाडीतली दोन पोरं त्यांच्याकडे शिकायला येऊन बसतात. हा उपाय चांगला लागू पडलाय.

देवगड, निवृत्त आरोग्यसेविका

वर पेजेचा उल्लेख आला, तिथेच मला बोलायचं आहे. घरोघर फिरताना मी हेच पाहिलं. म्हातारं माणूस सकाळी पेज आणि लोणचं, दुपारी भात, रात्री पुन्हा भात आणि सोलकढी. पोट भरतं, पण स्नायू उपाशी राहतात. या वयात वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम प्रथिनं लागतात. शंभर ग्रॅम बांगड्यात साधारण वीस ग्रॅम मिळतात. मासे नसतील त्या दिवशी कुळथाची पिठी जरा घट्ट करा, चवळी, मूग, अंडं, दूध घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच. नाचणी सोडू नका, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. दात नसतील तर भाकरीऐवजी आंबील.

मिठाचं बघा. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. आपल्याकडे सुकट, खारा बांगडा, पापड, खारातली मिरची यातच ते संपतं. सुकी मासळी भिजवून, पाणी दोनदा टाकून मग करा. आणि बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळेच.

मे महिन्यात साखरवाले मला विचारायचे, आंबा खाऊ का? देवगडात राहून हापूस खाऊ नका हे सांगणं मला कधीच पटलं नाही. साखर आटोक्यात असेल तर अर्धा आंबा, जेवणावर गोड म्हणून वेगळा नाही, त्या वेळचा भात तेवढा कमी करून. आमरसाची वाटी नको.

लावणीच्या दिवसांत पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) त्यातूनच होतो. गमबूट घाला, प्रतिबंधक गोळ्यांबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, आणि ताप-अंगदुखी आली तर काढा पिऊन चार दिवस घालवू नका.

*(धागाकर्ती)* ताई, कानाबद्दलही लिहाल का? आमच्या यजमानांना यंत्र घ्यायचं नाही.

देवगड, निवृत्त आरोग्यसेविका

घ्यायलाच लावा. ऐकू न येणारं माणूस आधी बोलणं टाळतं, मग माणसं टाळतं. विसराळूपणा टाळण्यासाठी ज्या गोष्टी वेळीच दुरुस्त करता येतात त्यात कमी ऐकू येणं ही मोठी गोष्ट आहे. आधी मळ साठलाय का ते तपासा, कित्येकदा तेवढंच असतं. यंत्राचा आवाज सुरुवातीला कर्कश वाटतो. घरात शांत वेळी तासभर लावून सवय करायची, एकदम बाजारात लावून जायचं नाही.

मुरूड, दापोली तालुका, निवृत्त शिक्षक

महर्षी कर्वे आमच्या गावचे. लहानपणी परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. १९५८ साली शंभरी गाठली त्याच वर्षी भारतरत्न, आणि १०४ वर्षांचे होऊन गेले. सगळ्यांना एवढं आयुष्य मिळत नाही, पण साठीनंतरही त्यांनी नव्या संस्था उभ्या केल्या हे मला निवृत्त झाल्यावर फार धीर देऊन गेलं.

मी एसटीने फिरतो. पंच्याहत्तरी पुरी केलेल्यांना राज्यात एसटी मोफत आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट, बायकांना तर सरसकट अर्धं. आठवड्यातून एकदा कुठेतरी जायचं, जुन्या विद्यार्थ्याकडे, नाहीतर नुसतं हर्णैला मासळीचा लिलाव बघायला. निघायचं म्हणून दाढी होते, कपडे इस्त्रीचे लागतात.

मुंबई (आईवडील राजापूर तालुक्यात)

बाबा भजनात झांज वाजवायचे. गुरुवारचं भजन त्यांनी कधी चुकवलं नाही. मग जाईनासे झाले. जेवण कमी, पहाटे तीनला जाग, आंब्याची कलमं बघायलाही उठायचे नाहीत. आम्हाला सगळे सांगायचे, वय झालं, असंच होतं. एका डॉक्टरांनी नुसती झोपेची गोळी दिली. त्याने दिवसा झोक जायला लागला, आई घाबरली.

आईने मनावर घेतलं म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी नैराश्य आहे असं सांगितलं, थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, औषध सुरू केलं आणि आधीच स्पष्ट सांगितलं की गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर थांबू नका. तसंच झालं. मधल्या काळात भजनातली मंडळी गुरुवारी आमच्याच ओटीवर येऊन बसायला लागली. पहिल्यांदा बाबा आतून ऐकत होते. पुढे बाहेर येऊन बसले. झांज हातात घ्यायला बराच काळ गेला, कोणी आग्रह केला नाही.

दूर राहणाऱ्या मुलांसाठी दोन क्रमांक. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६, ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी एल्डरलाइन १४५६७. दोन्ही फुकट आहेत. आणि फोनवर "बरे आहात ना?" विचारू नका, "बरा आहे" एवढंच उत्तर येतं. काय जेवलात, कोण आलं होतं, पाटाला पाणी किती आहे, हे विचारा. मला बाबांचा दिवस कसा गेला ते त्यातून कळतं.

श्रीवर्धन, वय ६४

सगळं वाचलं. माझी बाजू थोडी वेगळी आहे. मी स्वतः ज्येष्ठ नागरिक, आणि घरी सासूबाई ८९ वर्षांच्या. त्यांना विसर पडतो. संध्याकाळ झाली की "आता घरी जाऊया" म्हणून पिशवी भरायला घेतात. आधी मी समजावत बसायची, हेच आपलं घर. त्याने त्या आणखी घाबरायच्या. आता मी म्हणते, चला, आणि वाडीत सुपारीच्या झाडांतून एक फेरी मारून आणते. परत आल्यावर चहा. बहुतेक वेळा त्यावर निभावतं. विहिरीला जाळी आणि फाटकाला वरून कडी लावून घेतलीय, त्यांच्या गळ्यातल्या साखळीत आमचा फोन नंबर आहे.

त्यांची साखर, रक्तदाब सगळं वेळेवर बघितलं जातं. माझं गेल्या वर्षी राहूनच गेलं होतं. या वर्षी दिरांना सांगितलं की महिन्यातले चार दिवस आई तुमच्याकडे. दोघांनाही ते जड गेलं, सासूबाईंना आणि दिरांना, पण मी ठाम राहिले. त्या चार दिवसांत मी डोळे तपासून आले, मोतीबिंदूची तारीख घेतली, माहेरी जाऊन आले.

रात्रीचं मात्र अजून जमलेलं नाही. त्या दोन-तीनदा उठतात, त्यांच्याबरोबर मी उठते, आणि मग मला झोप लागत नाही. दिवसा त्यांना झोपू न देणं, चहा चारनंतर बंद, हे करून पाहिलं, थोडाच फरक पडला. असं माणूस सांभाळणारं इथे आणखी कोणी असेल तर रात्र कशी निभावता ते जरूर लिहा.