शब्दसंग्रहाची एकच फाईल की अक्षरागणिक तुकडे?

तापीकाठ : अहिराणी शब्दसंग्रहाच्या धाग्यावर काल सल्ला आला, ‘पाचशे पानं वर्डच्या एका फाईलीत ठेवू नका. अक्षरागणिक तुकडे करा, शेवटी मास्टर डॉक्युमेंटने, म्हणजे अनेक फाईली एकत्र बांधणाऱ्या फाईलीने, जोडा.’ हे वाचून गप्प बसवेना. वर्डचं मास्टर डॉक्युमेंट फाईली बिघडवण्यासाठीच ओळखलं जातं. पाचशे पानांचा नुसता मजकूर वर्डला जड नाही. जड होतात ते मोठे फोटो, साचलेले ट्रॅक चेंजेस (दुरुस्त्यांच्या नोंदी) आणि शंभर पानं चालणारं एकच टेबल. म्हणून शब्दसंग्रह टेबलात करूच नका. प्रत्येक नोंद एक परिच्छेद, हँगिंग इंडेंट (पहिली ओळ सोडून बाकीच्या आत सरकवलेल्या), नोंदशब्दाला स्वतंत्र कॅरेक्टर स्टाईल (फक्त त्या शब्दापुरती ठरवलेली, नाव दिलेली मांडणी). मग हेडरमध्ये त्या स्टाईलचं स्टाईलरेफ फील्ड, म्हणजे त्या स्टाईलचा मजकूर उचलून दाखवणारा कोड, टाकलं की पानावरचा पहिला शब्द आपोआप वर येतो. दुसऱ्या फील्डला बॅकस्लॅश एल (\l) जोडा, शेवटचा येतो. ‘आंडेर’, ‘आंडोर’ असे पानाचे पहिले-शेवटचे शब्द पानोपानी हाताने टाइप करायला नकोत.

केळीबाग_रावेर : आणि चार तालुक्यांतले चौघे नोंदी करत असतील तर? एक फाईल बिघडली की सगळंच गेलं. तुकडेच बरे.

तापीकाठ : गोळा करताना तुकडे ठेवा, पण सगळे एकाच टेम्प्लेटवर (स्टाईली ठरवून दिलेल्या नमुना फाईलीवर). नाहीतर जोडताना सारख्या नावाच्या स्टाईलला मुख्य फाईलीचं रूप येतं आणि मांडणी कोसळते. शिवाय रोज तारीख घालून वेगळी प्रत ठेवा.

धुळे_डीटीपी : तुम्ही दोघं फांद्या छाटताय, कीड मुळात आहे. युनिकोड (प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) सोडून कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंत तर हे सगळं वाया. त्यात अक्षरं रोमन कोडवर बसवलेली असतात आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी साठते. अकारविल्हे लावायला गेलात की ‘कि’ भलतीकडेच जातो.

केळीबाग_रावेर : छापखान्यात पेजमेकर हे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर असेल तर तुमचं युनिकोड चालवणार कोण? टाइप करणाऱ्यांनाच किती दिवस बोल लावणार?

धुळे_डीटीपी : पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001ची, भाऊ! त्याऐवजी इनडिझाईन घ्या, त्यातला वर्ल्ड रेडी कंपोझर हा पर्याय निवडा, जोडाक्षरं तुटत नाहीत. कृतिदेवमधला जुना मजकूर युनिकोड कन्व्हर्टरमधून काढताना आधी इंग्रजी शब्द बाजूला करा, नाहीतर तेही देवनागरीत बदलून निरर्थक होतात. तळटीपा वेगळ्या तपासा.

केळीबाग_रावेर : बरं, युनिकोडचं मान्य. पण लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरचं मास्टर डॉक्युमेंट नीट चालतं, तेव्हा तुकडे करणंच चूक, हे मानणार नाही.

तापीकाठ : लिब्रेऑफिसचं मलाही मान्य. वर्डमध्ये मात्र शेवटी एकच फाईल. आणि छापायला देण्याआधी कंट्रोल ए (सगळं निवडणं), एफ नाइन (फील्डं ताजी करणं) केलंत तरी तळटीपांतली फील्डं तशीच राहतात. तिथे कर्सर नेऊन पुन्हा तेच करा.