शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) बोललेलं वर पोचत नाही. धोरणात शिक्षकाचं म्हणणं नेमकं कुठे आणि कसं मांडायचं?

दोनशिक्षकी_शाळा

जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, अकरा शाळा आहेत आणि जवळपास सगळ्यांच्या अडचणी तीनच. एक, आधार जुळत नाही म्हणून पटावरची मुलं संच मान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना) धरली जात नाहीत. दोन, एकच माहिती तीन ठिकाणी भरायची: पोर्टलवर, एक्सेलमध्ये आणि पुन्हा तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तीन, तासिका नियोजन एका वर्गाला एक शिक्षक धरून येतं, बहुवर्ग शाळेत ते बसत नाही.

दर शिक्षण परिषदेत हे विषय निघतात, चहा होतो, विषय संपतो. संघटनेचं निवेदनही गेलं, फोटो आला, पुढे काही नाही. धोरण ठरवताना शिक्षकाला विचारलं जावं असं सगळेच म्हणतात. आज कायद्याने आणि पद्धतीने जे दरवाजे उघडे आहेत ते कोणते, आणि तिथे कागद कसा द्यायचा, हे जाणकारांनी सांगावं. तात्त्विक चर्चा नको.

---

विस्तार_अधिकारी_निवृत्त

तुमचे तीन विषय तीन वेगळ्या टेबलांचे आहेत आणि ते एकाच निवेदनात जातात, तिथेच घोळ आहे. बारा मागण्यांच्या निवेदनावर अधिकारी एकच शेरा मारतो, "पुढील योग्य कार्यवाहीस्तव सादर". तो कागद वर जातो आणि फायलीला लागतो, कारण बारांपैकी एकाही मागणीचा निर्णय पूर्णपणे त्या टेबलाच्या हातात नसतो.

दुबार माहितीचा प्रश्न तालुक्यातच सुटू शकतो, फार तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे. व्हॉट्सॲपवर मागितलेल्या बहुतेक माहितीमागे शासनाचा आदेश नसतो, कुठल्या तरी आढावा बैठकीची घाई असते. तासिकांचा विषय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ खालच्या शैक्षणिक प्राधिकरणाचा, म्हणजे पुण्याच्या एससीईआरटीचा (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद). तिथे डाएटमार्फत (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) जा. संच मान्यतेचे निकष मंत्रालयात ठरतात, सध्याचे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयातले. मात्र पटाची पडताळणी खालीच होते, आणि अर्धी पदं तिथेच जातात.

आता शिक्षण परिषद. तिची विषयपत्रिका बहुधा वरून ठरून येते. तुमचा विषय "आयत्या वेळचे विषय" यात पडतो आणि त्याचं इतिवृत्त कोणी लिहीत नाही. म्हणून परिषदेच्या चार-पाच दिवस आधी केंद्रप्रमुखांना एका पानाचं पत्र द्या: अमुक विषय विषयपत्रिकेवर घ्यावा. पत्राला शाळेचा जावक क्रमांक हवा आणि दुय्यम प्रतीवर पोच हवी. परिषदेत चर्चा झाली की इतिवृत्तात ठराव याच शब्दाने नोंद करून घ्या, किती शाळा हजर होत्या तेही लिहा. मग ते इतिवृत्त केंद्रप्रमुखांच्या सहीने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातं, आणि त्याला तालुक्याच्या आवक नोंदवहीत क्रमांक पडतो. त्या क्रमांकाशिवाय पुढे विचारणा करायला काहीच आधार नसतो.

सोबत आकडे जोडा, आणि ते एका शाळेचे नकोत. वहीत पाच रकाने आखा: तारीख, माहिती कोणी मागितली, लेखी आदेश होता का, तीच माहिती आधी कुठे भरलेली आहे, किती तासिका बुडाल्या. अकरा शाळांनी दोन महिने ही वही भरली की एक पानाचा गोषवारा होतो. "कामाचा ताण आहे" हे वाक्य कोणीही बाजूला सारतो. "यूडायसला (शाळांच्या माहितीच्या पोर्टलला) भरलेली माहिती याच महिन्यात आणखी दोनदा मागितली" असं तारखेसह लिहिलं की उत्तर द्यावं लागतं. २०२४ मध्ये शासनाने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांचं वर्गीकरण करणारा निर्णय काढलाच आहे, त्याचा हवाला द्या.

आधारचंही तसंच. अवैध नोंदींची यादी कारणानुसार फोडा: जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश नोंदवही) आणि आधारवर नावाचं वेगळं लेखन, जन्मतारीख वेगळी, तोच क्रमांक दुसऱ्या शाळेत, आधारच नाही. पहिली दोन कारणं दुरुस्तीची आहेत, ती ३० सप्टेंबरच्या आत उरकायची, कारण पट त्या तारखेचा धरतात. उरलेल्या मुलांसाठी हजेरीपत्रकाचा उतारा लावून स्वतंत्र पत्र द्या. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ पासून तीन आहेत. पट ६३ आणि चार नोंदी अवैध म्हणजे ५९ झाले. एवढंच उदाहरण दिलं तरी वाचणाऱ्याला कळतं की चार नोंदींमुळे पद धोक्यात येतं.

---

अनुदानित_माध्यमिक

वरच्या पातळीवर शिक्षकांचा घटनात्मक आवाज म्हणजे शिक्षक मतदारसंघ. अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेतले एक-द्वादशांश सदस्य शिक्षक निवडतात. आपल्या परिषदेच्या ७८ पैकी सात: मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर.

हा आवाज निम्म्यावर येतो तो नावनोंदणीतच. ही यादी विधानसभेसारखी पुढे चालत नाही, दर निवडणुकीला कोरी सुरू होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून यंदा असेलच असं नाही. अर्ज नमुना १९ मध्ये करायचा. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर, त्याआधीच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत अध्यापन हवं, आणि संस्थाप्रमुखाचा दाखला हवा. मतदारसंघ राहत्या पत्त्यावरून ठरतो, शाळेवरून नाही. दादरच्या शाळेत शिकवणारा आणि डोंबिवलीत राहणारा शिक्षक कोकणचा मतदार. हे चुकलं की अर्ज बाद होतो. पुणे आणि अमरावतीची मागची निवडणूक डिसेंबर २०२० मध्ये झाली, मुदत सहा वर्षांची, तेव्हा तिथल्या मंडळींनी हिशोब करावा.

मतदान पसंतीक्रमाचं आहे. उमेदवारासमोर १, २, ३ असे अंक लिहायचे, केंद्रावर दिलेल्याच पेनाने. बरोबरची खूण केली किंवा "एक" असं अक्षरात लिहिलं की मत बाद. शिक्षकांच्याच निवडणुकीत बाद मतं निघतात हे लाजिरवाणं आहे, पण निघतात.

निवडून आलेल्या आमदाराला सत्कारापेक्षा कागद द्या. शासन निर्णयाची तारीख, त्यातला नेमका परिच्छेद, त्याने काय अडतं, आणि त्या जागी कोणतं वाक्य हवं, एवढं एका पानात. सभागृहातला तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना त्यातूनच तयार होते. अधिवेशन सुरू झाल्यावर नेलेला कागद पुढच्या अधिवेशनालाच उपयोगी पडतो.

खाजगी शाळांतल्यांसाठी आणखी एक. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतल्या शाळा समितीवर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असतो. पुष्कळ ठिकाणी त्याला सहीपुरतं बोलावतात. बैठकीची नोटीस आणि इतिवृत्ताची प्रत लेखी मागायला सुरुवात करा. मतभेद असेल तर तो इतिवृत्तातच नोंदवा, नंतर तोंडी सांगून उपयोग नाही.

---

खडू_आणि_फळा

वरचं सगळं बरोबर, पण विचारणारे प्राथमिकचे आहेत. त्यांना या मतदारसंघात मतच नाही. "प्राथमिक शिक्षकांना मताधिकार मिळवून देऊ" हे आश्वासन प्रत्येक प्रचारात असतं. "माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या दर्जाची नाही" ही अट खुद्द घटनेत आहे, त्यामुळे राज्याच्या निर्णयाने ती हलत नाही, घटनादुरुस्ती लागेल. आश्वासन देणाऱ्याला एवढं जरूर विचारा.

प्राथमिकवाल्यांच्या हातात खरं हत्यार आहे ते शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात शिक्षकांची संख्या नगण्य आहे: ७५ टक्के पालक, आणि उरलेल्या पंचवीस टक्क्यांतला एक तृतीयांश शिक्षक. बारा जणांच्या समितीत एकच शिक्षक, शिवाय मुख्याध्यापक सदस्य सचिव. पण शिक्षण हक्क कायद्याचं कलम २२ वाचा. समितीने केलेला शाळा विकास आराखडा हाच शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधार राहील असं तिथे स्पष्ट आहे. आराखड्यात वर्गनिहाय अपेक्षित पट, लागणारे जादा शिक्षक, खोल्या-साहित्य आणि वर्षनिहाय खर्च येतो. आपल्याकडे तो मागच्या वर्षीचा आकडा बदलून भरतात आणि "जादा शिक्षक" या रकान्यात शून्य टाकतात. मग पद मागायचं कशाच्या जोरावर?

आराखडा डिसेंबरअखेर तयार ठेवा, कारण पुढच्या तीन महिन्यांत जिल्ह्याचं वार्षिक नियोजन वर जातं. अध्यक्षांची सही, ठराव क्रमांक आणि जमल्यास त्याच विषयावर ग्रामसभेचा ठराव. शिक्षकाने मागितलं तर ती मागणी ठरते, पालकांच्या समितीने मागितलं तर त्याच कागदाचं वजन वाढतं. अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत मात्र ही समिती केवळ सल्लागार आहे, तिथे ही वाट तोकडी पडते.

---

अभ्यासक्रम_वाचक

तासिकांच्या विषयावर लिहितो. राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा मे २०२४ मध्ये अभिप्रायासाठी खुला झाला होता. अशा वेळी शिक्षकांचे अभिप्राय दोन प्रकारचे जातात: "मसुदा उत्तम आहे" किंवा "मसुदा अव्यवहार्य आहे". छाननी करणाऱ्याला दोन्हींचा उपयोग शून्य. अभिप्राय असा हवा: पान क्रमांक, परिच्छेद क्रमांक, आहे ते वाक्य, हवं ते वाक्य, आणि दोन ओळींत कारण. एका अभिप्रायात एकच मुद्दा. शंभर जणांनी तोच मजकूर चिकटवून पाठवण्यापेक्षा दहा शाळांनी आपापले आकडे घालून पाठवलेलं बरं.

तुमच्या मुद्द्याला आकडा शिक्षण हक्क कायद्यातच आहे. पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास. दोन शिक्षक आणि चार वर्ग म्हणजे प्रत्येक वर्गाला शिक्षक प्रत्यक्ष समोर असण्याचे तास ४००. त्यातला एक शिक्षक बाहेरच्या कामावर असेल तेवढ्या दिवसांत हे प्रमाण निम्म्यावरून पाव भागावर येतं. मसुद्यातल्या विषयवार तासिका या ४०० मध्ये बसवून दाखवा आणि कोणत्या बसत नाहीत ते लिहा. "बहुवर्ग शाळेसाठी दोन इयत्तांचं जोडनियोजन परिशिष्टात द्यावं" अशी ठोस मागणी त्यातून निघते.

बालभारतीच्या कोणत्याही पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर विषय समिती आणि अभ्यासगटाची नावं असतात. त्यात दोनशिक्षकी शाळेतले किती, ते बघा आणि तेही अभिप्रायात मांडा. एससीईआरटी किंवा डाएटने शिक्षकांकडून माहिती मागवली की स्वतःच्या नमुना कामासह अर्ज करा: एका घटकाचं बहुवर्ग नियोजन, मुलांच्या वह्यांच्या दोन-तीन पानांचे फोटो, चाचणीचे निकाल. नुसता सेवेचा तपशील देऊन कोणी बोलावत नाही.

---

दोनशिक्षकी_शाळा

वही उद्यापासून सुरू करतो. दोन शंका. हे सगळं फेसबुकवर किंवा वर्तमानपत्रात लिहिलं तर जास्त लवकर हलेल का? आणि शासन निर्णय येण्याआधीच कळण्याची काही सोय आहे का? तो आल्यावर मोर्चा काढण्यात वर्ष जातं.

---

विस्तार_अधिकारी_निवृत्त

पहिल्या शंकेचं उत्तर: जपून. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांच्या वापराबद्दल वेगळ्या सूचना आल्या आहेत. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका केली की शिस्तभंगाची नोटीस निघू शकते. सार्वजनिक बोलणं संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी, संघटनेच्या लेटरहेडवर करावं. तुम्ही स्वतः लिहायचं ते योग्य मार्गाने. उशीर होईल असं वाटलं तर वरिष्ठांना "आगाऊ प्रत" असं लिहून पाठवा आणि मूळ पत्र मुख्याध्यापकांमार्फतच जाऊ द्या.

मतदार यादीच्या कामाचा कोणी वेगळा विषय काढेल म्हणून सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मधल्या अशैक्षणिक कामांच्या बंदीतून जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं वगळलेली आहेत, त्यामुळे "कायद्याने बंदी आहे" असं लिहू नका, पहिल्याच फटक्यात उत्तर मिळेल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये यादीचं काम सुट्टीच्या दिवशी आणि अध्यापनाच्या वेळेबाहेर द्यावं असं म्हटलं आहे. मागणी तेवढीच ठेवा: आदेशात वेळ नमूद करावी.

---

खडू_आणि_फळा

दुसऱ्या शंकेबद्दल. नियम आणि शासन निर्णय यांत फरक आहे. ज्या कायद्यात नियम "पूर्वप्रसिद्धीच्या अटीवर" करायचे असतात तिथे मसुदा राजपत्रात येतो आणि हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. शासन निर्णयाला ती सक्ती नाही, तो संध्याकाळी संकेतस्थळावर येतो आणि सकाळी लागू. पहिलीपासून हिंदीचा निर्णय १६ एप्रिल २०२५ ला आला, १७ जूनला सुधारला आणि २९ जूनला दोन्ही रद्द झाले. विचारणा आधी झाली असती तर एवढी ये-जा लागली नसती.

तरी एक पळवाट आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ग) नुसार लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण आखताना सगळी संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणं प्राधिकरणावर बंधनकारक आहे. धोरण ठरवण्यापूर्वी लोकांशी सल्लामसलतीची काय व्यवस्था आहे, हेही कलम ४(१)(ख) नुसार स्वतःहून जाहीर करायचं आहे. शालेय शिक्षण विभागाला अर्ज करा: संच मान्यतेच्या निकषांत बदलाचा प्रस्ताव असलेली नस्ती (फाइल), तिच्यावरच्या टिप्पण्या, आणि कोणाकोणाचे अभिप्राय घेतले त्याची यादी. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. "का" आणि "कसं" असे प्रश्न विचारू नका, कागदाची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला वीस रुपये. अर्ज नागरिक म्हणून घरच्या पत्त्यावरून करा, शाळेचा शिक्का मारू नका.