गिलमॅनला रंग कुठला देऊ?

कुंभारगल्लीतला (गंगावेस, कोल्हापूर):
मंडळी, गणपतीचं काम संपलं, रबरी साचे धुऊन माळ्यावर गेले. हात रिकामा बसवत नाही, म्हणून १९५४ च्या 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' या पिक्चरमधल्या गिलमॅनचं, म्हणजे अर्ध्या माशा-अर्ध्या माणसाच्या राक्षसाचं मुंडकं शाडूत घडवतोय. ओठ सरळसरळ माशाचे, पण भुवईचं हाड माणसाचं. ही कमाल मिलिसेंट पॅट्रिक या बाईंची. राक्षस रेखाटला त्यांनी, आणि नाव कैक वर्षं मेकअप खात्याच्या साहेबाचं, बड वेस्टमोरचं झालं. कल्ल्यांच्या तिथं एकावर एक पाकळ्या चढवताना तर हात जोडावेसे वाटले.

अडलंय रंगावर. पिक्चर ब्लॅक अँड व्हाईट. भाऊ म्हणतो, "पोपटी मार की लगा, डबा उरलाय." मन मानत नाही. आणि कॉम्प्युटरवरचे राक्षस सुचवू नका. ज्याला हात लावता येत नाही त्याचं मला काय?

पंचगंगेचा_मासा:
आधी कुठला गिलमॅन ते ठरव. सूटमध्ये माणसं दोन होती: जमिनीवर बेन चॅपमन, पाण्याखाली रिको ब्राउनिंग. ब्राउनिंगचा सूट मुद्दाम फिकट ठेवलेला, पाण्यात उठून दिसावा म्हणून. पाठीला टाकी नाही, काही नाही. गडी दम रोखून पोहायचा आणि शॉट संपला की नळीनं हवा घ्यायचा. नायिका वर पोहतेय आणि हा खाली, पाठीवर, तिच्याच लयीत, तो सीन परत बघ. भीती राहते बाजूला, बिचाऱ्याची दयाच येते. मी फिकटच देईन.

रद्दीतला_खजिना:
पोस्टरवरच्या रंगाच्या नादाला लागू नको. १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाईन'मध्ये मेकअपवाल्या जॅक पिअर्सनं राक्षस झालेल्या कार्लॉफला हिरवट-करडा रंग फासला, तो पडद्यावर मढ्यासारखा पांढराफटक दिसावा म्हणून. लोकांनी हिरवाच डोक्यात धरला.

कॉमिक्समध्ये तर छापखान्याचं राज्य. हल्क १९६२ च्या पहिल्या अंकात करडा होता. करडा धड छापला जाईना, पानागणिक वेगळा. म्हणून गडी हिरवा झाला. मला जुनी कॉमिक्स आवडतात ती त्यासाठीच. रंग रेषेबाहेर सांडलेला, गालावर छपाईचे ठिपके, कागद पिवळा पडलेला. १९५४ ला अमेरिकेत कॉमिक्स कोड, म्हणजे कॉमिकात काय चालेल नि काय नाही याची नियमावली आली नि व्हॅम्पायर, वेअरवुल्फ हद्दपार, ते थेट १९७१ पर्यंत. मग राक्षस कसे? १९६१ चा फिन फँग फूम बघा. एवढा थोरला ड्रॅगन, आणि घातलीय काय तर चड्डी! सभ्यतेची हद्द झाली.

सामरीचा_भक्त:
आमचा 'पुराना मंदिर' या हिंदी भयपटातला राक्षस सामरी, १९८४. अजय अग्रवालचा चेहराच असा की रंगाचा खर्च निम्मा वाचला असणार. बाकी तुमचं चालू द्या.

कुंभारगल्लीतला:
पंचगंगेच्या माशा, मानलं भावा. पाण्यातलाच करतो. अंगाला फिकट राखाडी, खवल्यांच्या फटीत पातळ हिरवा सोडायचा आणि वरून ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचा, म्हणजे खवला उठेल. ओठ जरा गडद. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, गणपतीसारखीच. पोपटी डबा भावाला परत.

आता कुणाकडं पाठीमागून काढलेला फोटो असेल तर टाका राव. पुढून ढीगभर सापडले, पण डोक्यावरचा तो पंखा मानेवर कुठं जाऊन मिटतो ते कळेना.