मदत हवी आहे : टॅली या हिशेबाच्या संगणक-प्रणालीची धास्ती मोजायची कशी?

सप्रेम नमस्कार. मी नाशिकमधील एका महाविद्यालयात लेखाकर्म शिकवते. माहिती-तंत्रज्ञानाचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ च्या प्रारूपानुसार उपयुक्तता आणि वापरातील सुलभता यांविषयीची धारणा तंत्रज्ञानाचा स्वीकार ठरवते; परंतु टॅलीची उपयुक्तता सर्वांना मान्य असूनही, वहीत जर्नल नोंदी अचूक लिहिणारी निफाड-सिन्नरकडची मुले संगणकापुढे बसताच, चुकीची कळ दाबली जाईल या धास्तीने शेजाऱ्याकडे पाहू लागतात. (काही ज्येष्ठ सहकाऱ्यांचीही स्थिती फार वेगळी नाही.) ही धास्ती आणि आत्मविश्वास मोजणारी, मराठीत पडताळून पाहिलेली प्रश्नावली कोणाकडे आहे का? नसल्यास, इंग्रजी विधानांचे मराठी भाषांतर पुन्हा इंग्रजीत आणून मुळाशी ताडून पाहण्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.